स्वतः मॉडिफाय केलेली जुनी स्पोर्ट्‌स कार स्वस्त पडते का?

जुनी स्पोर्ट्‌स कार मूळ अवस्थेत घेऊन स्वतः मॉडिफाय केली की स्वस्त पडते आणि आधीच मॉडिफाय केलेली घेणे म्हणजे दुसऱ्याचे दुखणे विकत घेणे, असा समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे. त्याचा पहिला भाग बहुतेक वेळा चुकीचा असतो. दुसरा अर्धवट खरा आहे.

१९६९ मध्ये आलेल्या डॅटसन २४०झेडचे उदाहरण घेऊ. तिच्या २.४ लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाची ताकद बरीच वाढवली की क्लच घसरू लागतो, रेडिएटर अपुरा पडतो, मागचे ड्रम ब्रेकही बदलावेसे वाटतात, आणि सुरुवातीच्या हिशेबात न धरलेली मजुरी कधीकधी सुट्या भागांच्या किमतीलाही मागे टाकते. हा खर्च गाडी विकताना क्वचितच पूर्ण वसूल होतो, कारण पुढचा ग्राहक आधीच्या मालकाच्या हौसेचे पैसे मोजत नाही. म्हणूनच तेच काम तयार गाडीत बरेच कमी किमतीत मिळते.

मात्र काम नीट झाले आहे का, हे तपासावेच लागते. चकाकत्या कार्ब्युरेटरांवर भाळण्याआधी डॅशबोर्डाखाली डोकावावे: तिथे तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली असेल, तर उरलेले कामही बहुधा त्याच वळणाचे निघते. सहाही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब, मोजून घ्यावे आणि एखाद्याचा आकडा इतरांपेक्षा ठळकपणे कमी आला, तर इंजिन उघडण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. जुनी बिले आणि काढून ठेवलेले मूळ भाग सोबत मिळाले, तर गाडी पूर्ववत करण्याची वाटही खुली राहते.