पटर स्ट्रोकला जुळवायचा, हे कधी ठरलं?

गोल्फमध्ये चेंडू होलकडे ढकलायची काठी म्हणजे पटर, आणि तो फटका म्हणजे पट. पटर घ्यायला गेलं की हल्ली पहिला प्रश्न असतो: तुमचा स्ट्रोक, म्हणजे पटर झुलवण्याची लकब, सरळ की आर्कचा, म्हणजे कमानीसारखा? मग दुकानदार शाफ्ट, म्हणजे पटरचा दांडा, तर्जनीवर आडवा तोलून दाखवतो. एखाद्या पटरचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, छताकडे बघत स्थिर राहतो, तो फेस-बॅलन्स्ड. एखाद्याचा पुढचा टोकाचा भाग, म्हणजे टो, खाली झुकतो, तो टो हँगवाला. सरळ मागे-पुढे करणाऱ्याला पहिला द्यायचा आणि दार उघडावं-मिटावं तसा फेस फिरवणाऱ्याला दुसरा. हा हिशेब आता इतका पाठ झालाय की तो खेळाइतकाच जुना वाटतो. तसा तो नाही.

पूर्वी पटर जुळवायचा तो गवताशी. ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, संथ आणि खडबडीत असायची, त्यामुळे चेंडू आधी किंचित उचलावा लागे. अमेरिकी गोल्फर बॉबी जोन्सच्या 'कॅलॅमिटी जेन' या प्रसिद्ध पटरचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे असलेला कल, 8 अंशांच्या आसपास होता. आजच्या पटरांचा साधारण 3-4 अंश असतो. (पावसाळ्यात आपल्याकडच्या ओल्या ग्रीनवर पट करताना जोन्सचा हेवा वाटतो.)

आकाराबद्दल पहिलं भांडण 1904 मध्ये झालं. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीचा आर्थर नाइट जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करायचा. त्याने ॲल्युमिनियमचा एक मॅलेट, म्हणजे रुंद हेडचा (खालच्या डोक्याचा) पटर बनवला, ज्याचा शाफ्ट टाचेला, म्हणजे खेळाडूकडच्या टोकाला नव्हे, तर हेडच्या मध्याजवळ बसवलेला होता. असा पटर वापरून अमेरिकेच्या वॉल्टर ट्रॅव्हिसने इंग्लंडमध्ये सँडविचला ब्रिटिश ॲमॅच्युअर ही स्पर्धा जिंकली. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या सेंट अँड्र्यूजच्या 'आर अँड ए' या संस्थेने 1910 मध्ये असल्या पटरवर बंदी घातली. अमेरिकेत तो चालूच राहिला. ब्रिटनमधली बंदी दोन्हीकडचे नियम एक झाले तेव्हा, पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला उठली. पटर स्कोअर बदलू शकतो याची ही पहिली मोठी कबुली, तीही बंदी घालून दिलेली.

खरी उलथापालथ केली ती जनरल इलेक्ट्रिकच्याच दुसऱ्या एका इंजिनिअरने. कार्स्टन सोल्हाइम नॉर्वेत जन्मला, सिएटलमध्ये वाढला आणि चाळिशी उलटल्यावर गोल्फ खेळू लागला. पट जमेनात. इतर लोक अशा वेळी हाताला दोष देतात, याने हत्याराला दिला. चेंडू फेसच्या नेमक्या मध्यावर लागला नाही की पातळ ब्लेडचा पटर हातात वळतो, हे त्याच्या लक्षात आलं. मग वजन मधून काढून टो आणि टाच अशा दोन टोकांना न्यायचं. टेनिसच्या रॅकेटचं वजन कडेला असतं तसं. 1959 मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटीच्या गॅरेजमध्ये त्याने बनवलेल्या पटरचा चेंडूवर 'पिंग' असा आवाज येई, आणि तेच कंपनीचं नाव झालं.

पुढे एका ग्रामोफोन रेकॉर्डच्या पाकिटावर त्याने नवं डिझाइन रेखाटलं. पत्नी लुईस हिने नाव सुचवलं 'आन्सर', म्हणजे उत्तर. पण इंग्रजी स्पेलिंग पटरवर मावेना, तेव्हा त्यातलं न उच्चारलं जाणारं 'डब्ल्यू' गाळायलाही तिनेच सांगितलं. 1966 चा हा पटर. 1969 मध्ये जॉर्ज आर्चरने आन्सर वापरून मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली. नंतर टायगर वुड्सच्या हातातल्या स्कॉटी कॅमेरॉन न्यूपोर्ट या पटरचीही वंशावळ तिथेच पोचते. गोल्फमध्ये इतकी नक्कल दुसऱ्या क्वचितच कुठल्या वस्तूची झाली असेल.

आन्सरचा टो मध्यम झुकतो. सोल्हाइमला हवा होता चुका माफ करणारा पटर. कुणाच्या स्ट्रोकचा प्रकार त्याच्या डोक्यात नव्हता. पण वजन हलवता येतं, शाफ्टची मान वाकवून झुकाव बदलता येतो, हे कळल्यावर मॉडेलांचा पूर आला. निवड आली, आणि निवड करायला नियम लागतो.

तो नियम प्रशिक्षकांच्या वादातून मिळाला. नासात काम केलेले डेव्ह पेल्झ सांगत, फेस लक्ष्याशी काटकोनात ठेवा आणि रेषेवर सरळ न्या. स्टॅन अटली म्हणत, हात मोकळा सोडा, आर्क आपोआप येते. भूमितीचा कौल अटलींकडे जातो असं मला वाटतं. आपण चेंडूच्या बाजूला उभे राहतो, आणि शाफ्ट उभ्या रेषेपासून किमान 10 अंश कललेला हवा, असा नियमच आहे. तिरक्या शाफ्टचं हेड मोकळेपणी झुललं तर आत वळणारच. रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून क्रोकेसारखं मारायची वाट गोल्फर सॅम स्नीडने धरली होती, ती 1968 मध्ये बंद झाली.

मोजमाप स्वस्त झालं आणि वाद दुकानात उतरला. पिंगने स्मार्टफोन शाफ्टला अडकवून स्ट्रोक मोजणारं ॲप आणलं आणि पटर सरळ, थोडी आर्क, जास्त आर्क अशा तीन गटांत विभागले.

एक मात्र दुकानात फारसं सांगत नाहीत. चेंडू कुठल्या दिशेने निघेल हे मुख्यतः टक्कर होतानाचा फेस ठरवतो. हेडच्या मार्गाचा वाटा बराच लहान. म्हणजे आर्क कितीची यापेक्षा, त्या पटरमागे उभं राहिल्यावर तुम्ही नेम नीट धरता का, हे आधी बघायला हवं. त्याचा संबंध हेडचा आकार, मानेचं वळण आणि वरच्या रेघांशी असतो, तर्जनीवरच्या कसरतीशी कमी.

आता तर तिसराच पंथ आलाय, 'झिरो टॉर्क'. यात हेड मुळात वळायलाच बघत नाही, त्यामुळे सरळ की आर्क हा प्रश्न फारसा उरत नाही, असा बनवणाऱ्यांचा दावा. 2025 च्या यूएस ओपनमध्ये ओकमाँटच्या अठराव्या होलवर जे. जे. स्पॉनने 64 फुटांवरून पट घातला, तो लॅब कंपनीच्या अशाच पटरने. त्यानंतर बहुतेक कंपन्यांच्या मांडणीवर झिरो टॉर्कचा एक तरी नमुना दिसतो, आणि दुकानदार तोही आधी तर्जनीवर तोलून दाखवतो.