दुसऱ्याचं लिखाण आपल्या पुस्तकात घेताना

पुस्तक, स्मरणिका, विशेषांक किंवा संकेतस्थळाचं काम आमच्याकडे देणाऱ्यांसाठी

धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे विशेषांक आणि दिवाळी अंक आमच्या अक्षरजुळणीच्या टेबलावर साधारण एकाच सुमारास येतात. दोन्हींत कुठे ना कुठे एखादी कविता, एखादा लेख, एखादा फोटो असतो आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘साभार’. तेवढं छापलं की आपण मोकळे झालो, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. नाव देणं हा लेखकाचा हक्क आहे (कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५७), तेव्हा ते द्यायचंच. पण छापायची परवानगी ही वेगळी गोष्ट. ती मागावी लागते, आणि आभार मानून ती आपोआप मिळत नाही.

परवानगीशिवाय काय घेता येतं, ते कलम ५२ सांगतं. खाजगी वापर आणि संशोधन, टीका किंवा परीक्षण, चालू घडामोडींचं वृत्त (जाहीर व्याख्यानाचा वृत्तांतही त्यात आला), या कामांसाठी रास्त प्रमाणात उतारा घेतलेला चालतो. ‘रास्त’ म्हणजे किती, हे कायद्यात लिहिलेलं नाही. दहा टक्के, तीस शब्द, चार ओळी असे जे आकडे लोक छातीठोकपणे सांगतात, त्यांतला एकही कायद्यात नाही. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली एका नाटकाच्या खटल्यात पाहिलेल्या तीन गोष्टी मात्र उपयोगी पडतात: आपल्या टीकेच्या मानाने किती आणि कोणता भाग उचलला, कशासाठी उचलला, आणि आपलं लिखाण मूळ कृतीशी बाजारात स्पर्धा करेल का.

समजा, तुम्ही एका गझलसंग्रहाचं परीक्षण लिहिलंय. त्यात दोन शेर दिले आणि त्यांवर पानभर आपलं म्हणणं मांडलं, तर अडचण दिसत नाही. तीच गझल पूर्ण उचलून चौकटीत, वेलबुट्टी काढून, पान सजवायला छापली तर ते परीक्षण राहत नाही. कवितेच्या बाबतीत जास्तच जपा. चार ओळींच्या चारोळीतल्या चार ओळी घेतल्या म्हणजे अख्खी कृतीच घेतली. आम्ही जुळणी करताना एक साधी परीक्षा लावतो. उतारा काढून टाकला तर तुमचं लिखाण उभं राहतं का? उरलेल्या पानावर दोनच वाक्यं शिल्लक राहत असतील तर परवानगी काढा.

यूट्यूबवर ‘फेअर यूज’ची (रास्त वापराची) पाटी लावलेली असते, तीवर विसंबू नका. तो अमेरिकेच्या कायद्यातला मामला आहे. तिथलं न्यायालय हेतू कोणताही असला तरी चार निकषांवर तोलून बघतं. आपल्याकडे कायद्याने हेतूच ठरवून दिलेत आणि आधी त्यांत बसावं लागतं.

कोणाचं मोकळं, कोणाचं नाही

लेखकाच्या निधनाचं वर्ष संपल्यावर ६० वर्षं हक्क चालू राहतो. बालकवी (१९१८), गडकरी (१९१९), साने गुरुजी (१९५०) यांचं हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन कधीच मोकळं झालंय. निधनानंतर पहिल्यांदा छापलेल्या लिखाणाची ६० वर्षं मात्र प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपात आली, म्हणून ती २०१२ अखेरीस मोकळी झाली.

आता आपल्या विदर्भातलं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८ सालचं, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२८ अखेरपर्यंत आहे. भजनं गावोगाव तोंडपाठ आहेत, म्हणून ती छापायला मोकळी झाली असं नाही. सुरेश भट २००३ साली गेले, त्यांचा हक्क २०६३ अखेरपर्यंत. कवी ग्रेस २०१२ साली गेले, त्यांचा २०७२ पर्यंत.

विशेषांकांत सगळ्यात जास्त घोळ होतो तो बाबासाहेबांच्या लेखनाचा. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले इंग्रजी ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून मोकळे आहेत. पण आमच्याकडे येतो तो बहुधा कुणीतरी केलेला मराठी अनुवाद, आणि अनुवादाचा हक्क वेगळा असतो. अनुवादक हयात असेल किंवा त्याला जाऊन ६० वर्षं झाली नसतील तर परवानगी लागते. उपाय सोपा आहे, आणि आम्हाला तोच आवडतो: मूळ इंग्रजी उतारा घ्या आणि मराठी तुम्ही स्वतः करा. मग तो अनुवाद तुमचा.

न्यायालयाच्या निकालाचा मूळ मजकूर घेता येतो. नागपूर खंडपीठाचे निकाल पुस्तकात घालणाऱ्या वकील मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं, की कायदेविषयक नियतकालिकाने निकालाच्या डोक्यावर लिहिलेला सारांश त्या नियतकालिकाच्या संपादकीय मेहनतीचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ही रेघ स्पष्ट केली आहे. माहिती आणि कल्पना यांवर कोणाचाच हक्क नसतो, मांडणीवर असतो. पण लेखातले शब्द मागे-पुढे करून तोच लेख आपल्या नावाने देणं यात मोडत नाही.

फोटो

गुगलवरून उतरवलेला फोटो आणू नका. झिरो माइलचा स्तंभ हवा असेल तर मोबाइल घेऊन जा आणि काढा. सार्वजनिक जागी कायम असलेल्या वास्तूचा किंवा शिल्पाचा फोटो स्वतः काढून छापायला कायदा आडवा येत नाही. कार्यक्रमाला पैसे देऊन छायाचित्रकार बोलावला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंचा हक्क बोलावणाऱ्याचाच असतो. विकिपीडियाचा मजकूर फुकट असला तरी त्याला अटी आहेत: श्रेय द्यायचं आणि त्यात भर घालून केलेलं लिखाणही त्याच परवान्याखाली ठेवायचं.

परवानगी कशी घ्यायची

लेखी घ्या. फोनवरचं ‘अरे छाप की, विचारतोस काय’ हे प्रेमाचं असतं, पण वारसांना ते बांधत नाही. पत्रात नेमका उतारा, किती प्रती, छापील की संकेतस्थळावरही, आणि किती काळासाठी, हे लिहून घ्या. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी हे आठवतं आणि तोवर उशीर झालेला असतो. हक्क लेखकाकडे आहे की प्रकाशकाकडे, तेही विचारा.

आम्ही इतकं खोदून का विचारतो, तेही सांगतो. हक्कभंग करून छापलेल्या प्रती कायद्याने मूळ हक्कधारकाच्या मालकीच्या समजल्या जातात, म्हणजे तुमचे गठ्ठे तो मागू शकतो. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, आणि छापणाराही त्यात ओढला जातो. संकेतस्थळाबद्दल रीतसर लेखी तक्रार आली तर ज्यांच्या सर्व्हरवर पान आहे त्यांना ते ३६ तासांत बंद करावं लागतं. तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर ते पुन्हा सुरू करता येतं.

म्हणून हस्तलिखितासोबत एक कागद जोडा: कोणत्या पानावर कोणाचा उतारा किंवा फोटो आहे, तो कुठून घेतला, परवानगीपत्र आहे का. तो कागद आल्यावरच आम्ही पहिलं प्रूफ काढतो. जिथे शंका असेल तिथे आम्ही पेन्सिलने खूण करून देऊ. खुणा बऱ्याच निघाल्या तर छपाईआधी वकिलाला दाखवा, कारण आम्ही जुळणी करणारे आहोत, कायद्याचा सल्ला देणारे नाही.