रुजू होणारा नवा, विसरणारे जुने

नव्या कर्मचाऱ्याचा पहिला दिवस बऱ्याच ठिकाणी एकाच साच्यातला असतो. टेबल-खुर्ची असते, पण लॉगिन तयार नसतं. लॉगिन मिळालं तर नेमक्या हव्या त्या फोल्डरची परवानगी कुणी मागितलेली नसते. काम समजावून सांगणारा वरिष्ठ मीटिंगमध्ये अडकलेला असतो. मग ओळखी करून देण्याच्या निमित्ताने वीसेक नावं कानांवरून जातात आणि दिवस संपतो. यात कुणाच्याही मनात वाईट नसतं, आणि काय करायला हवं हे तिथे प्रत्येकाला माहीत असतं. तरीही ते राहून जातं. ते का राहतं हे समजून घेतलं, की नव्या माणसासाठी चेकलिस्ट कशी हवी आणि ती कुणाच्या हातात हवी हेही कळतं. माझ्या मते ती सर्वांत आधी जुन्यांच्या हातात हवी.

‘अमुक वेळी तमुक करायचं आहे’ हे ध्यानात ठेवण्याच्या क्षमतेला मानसशास्त्रात प्रॉस्पेक्टिव्ह मेमरी म्हणतात. घडून गेलेलं आठवण्यापेक्षा हे काम वेगळं आहे. गिल्स आइनस्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल या मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या सुमारास प्रयोगशाळेत त्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्यांनी दोन प्रकार वेगळे केले. एखादी खूण दिसली की करायचं काम, आणि ठरावीक वेळ झाली की करायचं काम. दुसरं साधारणपणे जास्त विसरलं जातं, कारण समोर आठवण करून देणारं काहीच नसतं. ‘गुरुवारी नव्या माणसाच्या परवानगीचा अर्ज टाकायचा’ हे सोमवारी ठरवलेलं काम याच जातीचं. गुरुवार उजाडतो, पण गुरुवार काही बोलत नाही. त्यातून एचआरला वाटतं आयटी विभाग करेल, आयटी विभागाला वाटतं वरिष्ठाने कळवलं की करू.

हा विसर अनुभवाने जात नाही. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या राइट फील्डवर बोइंगचं ‘मॉडेल 299’ हे चार इंजिनांचं नवं बॉम्बर चाचणीसाठी उडालं. उभ्या विमानाच्या शेपटीचे हलते भाग वाऱ्याने आपटू नयेत म्हणून त्यांना लॉक लावलेलं असतं. ते काढायचं राहून गेलं होतं. विमान वर चढत गेलं, हवेत तोल गेला आणि कोसळलं. वैमानिक मेजर प्लॉयर हिल आणि बोइंगचे मुख्य चाचणी-वैमानिक लेस्ली टॉवर या दोघांचा जीव गेला. दोघेही आपल्या कामात मुरलेले होते. त्यानंतर अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांनी ज्ञान वाढवणारं पुस्तक काढलं नाही, त्यांनी उड्डाणाआधी, उड्डाणात आणि उतरताना पाहायच्या गोष्टींची छोटी यादी केली. तेच विमान पुढे बी-17 म्हणून हजारोंच्या संख्येने तयार झालं.

विसरण्याहून अवघड अशी आणखी एक गोष्ट आहे. नव्या माणसाला काय माहीत नाही, हेच जुन्याला दिसत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी 1990 मध्ये एक साधा प्रयोग केला. एकाने परिचित गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात 120 पैकी 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल, शब्द, वाद्यं सगळं चालू असतं, ऐकणाऱ्यापर्यंत फक्त टकटक पोचते. ‘ती फाइल नेहमीच्या ठिकाणी टाक आणि त्यांना कळव’ हे वाक्य पहिल्या आठवड्यात ऐकणाऱ्याची अवस्था अगदी तीच असते. कुठलं नेहमीचं ठिकाण? कळवायचं कुणाला, आणि ईमेलने की फोनवर?

नवा माणूस विचारत का नाही, असं वरिष्ठांना वाटतं. विचारण्याची एक किंमत असते. नव्या जागी प्रत्येक प्रश्नाबरोबर ‘एवढंही येत नाही?’ असं समोरच्याच्या मनात येईल ही भीती असते, आणि कर्मचारी माहिती कशी मिळवतात याच्या संशोधनात ती पुन्हापुन्हा दिसली आहे. शिवाय विचारायचं काय, हे कळायलाही थोडं माहीत असावं लागतं. त्याच्या डोक्यावरचा भारही पाहा. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये केलेल्या मांडणीनुसार आपण एका वेळी मनात साधारण चारच गोष्टी खेळवत ठेवू शकतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी तर 1885 मध्येच स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की अर्थहीन अक्षरसमूह पाठ केले तर विसरण्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच उरकतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशीचे नियम आणि संक्षेप बरेचसे अर्थहीनच असतात. त्यामुळे सगळं इंडक्शन, म्हणजे नव्याला कामाची आणि नियमांची ओळख करून देणं, एका दिवसात कोंबणं मला वेळेची नासाडी वाटते. यादी दिवसांवर पसरलेली हवी: रुजू होण्याआधीचं, पहिल्या दिवसाचं, पहिल्या आठवड्याचं, महिनाअखेरचं. आणि प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव हवं. विभागाचं नाव चालणार नाही.

यादी जुन्यांच्या हाती देण्याचा प्रयोग गूगलने करून पाहिला आहे. नवा माणूस रुजू होण्याच्या आदल्या रविवारी त्याच्या व्यवस्थापकाला एक छोटा ईमेल जाई. त्यात पाचच कामं असत. भूमिका आणि जबाबदाऱ्यांवर बोला, एक सोबती नेमून द्या, ओळखी वाढवायला मदत करा, पहिले सहा महिने दर महिन्याला भेटून विचारपूस करा, मोकळेपणाने बोलायला उत्तेजन द्या. कंपनीने जाहीर केलेल्या माहितीनुसार, ज्यांच्या व्यवस्थापकांनी हे केलं ते नवे कर्मचारी साधारण 25 टक्के लवकर पूर्ण क्षमतेने काम करू लागले. या पाचांत नवं काहीच नाही. तो ईमेल योग्य वेळी, योग्य माणसासमोर येत होता, एवढीच त्याची ताकद.

म्हणून यादी केली की काम झालं, असं मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची यादी आणली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं, असं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. तिच्यात एक मुद्दा आहे की चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. नव्या सहकाऱ्याला ‘मी इथे बोललं तर चालतं’ हे त्यातून कळतं. पण कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात 101 रुग्णालयांत तशी यादी आल्यावर केलेल्या 2014 च्या अभ्यासात दखल घ्यावी अशी घट आढळली नाही. कारणांवर तज्ज्ञांचे मतभेद आहेत. एक शक्यता अशी मांडली जाते, की यादीवर बरोबरची खूण होते, पण काम होत नाही.

हे किती सहज घडतं ते 31 ऑगस्ट 1988 रोजी डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर दिसलं. डेल्टा कंपनीचं 1141 क्रमांकाचं विमान पंखांचे फ्लॅप्स, म्हणजे उड्डाणासाठी जादा उचल देणारे पंखांचे हलते भाग, न उघडताच धावपट्टीवर धावलं आणि कोसळलं, 14 जण गेले. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात यादीतला ‘फ्लॅप्स?’ हा प्रश्न ऐकू येतो, आणि त्याला फ्लॅप्स लावल्याचं नेहमीचं उत्तरही ऐकू येतं. डोळ्यांनी पाहण्याआधीच तोंडाने उत्तर दिलं होतं. ऑनबोर्डिंगच्या, म्हणजे नव्याला रुजू करून घेण्याच्या, यादीत ‘सुरक्षा नियम समजावले’, ‘टीमशी ओळख करून दिली’ अशा ओळींचं नेमकं हेच होतं. त्याऐवजी तपासता येईल असं लिहावं: ‘तिने स्वतः लॉगिन करून अहवाल उघडला’, ‘अडचण आली तर कुणाला फोन करायचा, ते तिने सांगितलं’.

काही गोष्टी ओळीत बसतच नाहीत. विप्रोच्या कॉल सेंटरमधल्या नव्या कर्मचाऱ्यांवर केलेला आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. एका गटाला पहिल्या दिवशी तासभर स्वतःच्या बलस्थानांबद्दल आणि ती कामात कशी वापरता येतील याबद्दल विचार करायला आणि बोलायला लावलं. पुढच्या काही महिन्यांत, नेहमीचं प्रशिक्षण घेतलेल्यांच्या तुलनेत या गटातल्या कमी जणांनी नोकरी सोडली. यादीत त्या तासासाठी जागा राखता येते. त्या तासात ऐकणाऱ्याचं लक्ष कुठे असावं, ते यादीला ठरवता येत नाही.

आणि ही यादी दुरुस्त कुणी करायची? नुकत्याच रुजू झालेल्याने, तेही पहिल्या पंधरवड्यातच. दोन-तीन महिने गेले, की त्यालाही ‘नेहमीचं ठिकाण’ पाठ होतं, आपण कुठे अडखळलो होतो ते आठवेनासं होतं, आणि विचारलं तर ‘सगळं ठीक होतं’ असं उत्तर येतं. म्हणून रोज संध्याकाळी त्याने एक-दोन ओळी लिहाव्यात: आज काय शोधत बसलो, काय विचारायला संकोच वाटला. पंधरवडा संपला की त्या ओळी पुढच्या माणसाच्या यादीत चढवायच्या, आणि त्या कुणी चढवायच्या, त्याचंही नाव यादीत लिहायचं.