ॲडसेन्सचा अर्ज: साइट मंजूर होते, पैसे मात्र नाव-पत्त्यात अडकतात

मराठी ब्लॉगवर गुगलच्या जाहिराती लावून पैसे मिळवायचे तर ॲडसेन्सचा, म्हणजे गुगलच्या त्यासाठीच्या सेवेचा, अर्ज करावा लागतो. त्याला फी नाही आणि फॉर्म भरायला अर्धा तासही लागत नाही. तरी लोक महिनोन् महिने लटकतात, आणि बहुतेकांची गाडी त्याच दोन ठिकाणी अडते. आधी साइट दोन-तीनदा नामंजूर होते. मग कशीबशी मंजुरी मिळते, डॉलर जमू लागतात आणि पैसे हातात यायची वेळ आली की कळतं, आपलं नाव पॅनवर एक आणि पासबुकावर दुसरंच आहे. हा दुसरा अडथळा अर्ज करण्याआधीच दूर करता येतो, म्हणून इथे थीम आणि मेनूपेक्षा कागदपत्रांबद्दल जास्त लिहिलं आहे.

अटी किती, अफवा किती

वय १८ पूर्ण हवं. त्याहून लहान असाल तर आई, वडील किंवा पालकांच्या गुगल खात्यावरून त्यांच्याच नावाने अर्ज करायचा. पैसेही त्यांच्याच बँक खात्यात जातात. मजकूर तुमचा स्वतःचा हवा. साइटच्या एचटीएमएल कोडमध्ये जाहिरातीचा कोड टाकता यायला हवा. मुख्य अटी एवढ्याच.

किमान तीस लेख हवेत, रोज अमुक इतके वाचक हवेत, डोमेन सहा महिने जुनं हवं, यातलं काहीही आजच्या अटींत नाही. सहा महिन्यांची अट भारतासाठी एके काळी होती, त्यामुळे तो सल्ला अजूनही फिरत राहतो. ‘मंजुरीसाठी आधी चार इंग्रजी लेख टाका’ हाही तसाच शिळा सल्ला. ॲडसेन्सने हिंदीला डिसेंबर २०१४ मध्ये आणि मराठीला २०१८ मध्ये जागा दिली. ब्लॉग पूर्ण मराठी असला तरी अर्ज चालतो. मराठी ब्लॉगवर अचानक चार ओढूनताणून लिहिलेले इंग्रजी लेख आले तर त्याने फायदा काहीच होत नाही.

फुकट ब्लॉग चालतो का? ब्लॉगस्पॉटचा चालतो, ब्लॉगरच्या मेनूतल्या ‘अर्निंग्ज’ मधूनच अर्ज करता येतो. वर्डप्रेस डॉट कॉमच्या मोफत योजनेत मात्र ॲडसेन्सचा कोड टाकता येत नाही. स्वतःचं डोमेन घेतलं असेल तर अर्जात मुख्य डोमेनच द्यायचं.

बाकीच्या पायऱ्या सरळ आहेत: ॲडसेन्सवर खातं उघडा, साइटचा पत्ता टाका, मिळालेला कोड साइटच्या एचटीएमएलमधल्या हेड (head) भागात चिकटवा, तपासणीसाठी पाठवा. उत्तर बहुतेक वेळा काही दिवसांत येतं, कधी दोन ते चार आठवडेही लागतात. तोवर कोड काढू नका आणि साइट ‘अंडर कन्स्ट्रक्शन’ करून ठेवू नका.

‘लो व्हॅल्यू कंटेंट’ (कमी मोलाचा मजकूर) म्हणजे नक्की काय खटकलं?

सगळ्यात जास्त अर्ज याच शेऱ्याने परत येतात, आणि सगळ्यात कमी माहिती याच शेऱ्यात असते. कोणता लेख, काय कमी, काहीही सांगत नाहीत. माणसाने रात्री जागून लिहावं आणि उत्तरादाखल दोन ठरावीक ओळी याव्यात, हे चीड आणणारंच आहे. पण कारणं शोधावी लागतात ती आपल्यालाच, आणि मराठी ब्लॉगवर ती बहुतेक ठरलेली असतात.

पहिलं कारण उचललेला मजकूर. नोकरभरतीच्या जाहिराती, शासन निर्णयांच्या पीडीएफ, आरत्या, अभंग, शुभेच्छा संदेश. अभंगावर कुणाचा कॉपीराइट नाही हे खरं, पण तोच अभंग शेकडो साइटवर जसाच्या तसा पडलेला असताना तुमच्या पानात वेगळं काय, हा तपासणाऱ्याचा प्रश्न असतो. अभंगाखाली अर्थ लिहा, तुमच्या दिंडीत तो कुठल्या मुक्कामी आणि कोणत्या चालीवर म्हणतात ते लिहा. मग ते पान तुमचं होतं. शासन निर्णयाचंही तसंच. तलाठी कार्यालयात प्रत्यक्षात कोणता दाखला मागतात, हे पीडीएफमध्ये सापडत नाही. ते तुम्ही लिहिलंत तर लोक वाचतीलही.

दुसरं कारण बऱ्याच जणांच्या ध्यानातच येत नाही. डीटीपीची सवय असलेली मंडळी श्री-लिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप करतात आणि लेख चित्र म्हणून चढवतात. वाचकाला तो दिसतो, पण तपासणीत ते पान जवळजवळ रिकामं ठरतं. जुन्या फाँटमधला मजकूर तसाच चिकटवला तर इंग्रजी अक्षरांची भेळ उमटते. लेख युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर किंवा संगणकावर मराठी अक्षरं म्हणूनच वाचता येणाऱ्या टायपिंगमध्ये हवा. जुना मजकूर कन्व्हर्टरने बदलून घ्या आणि नंतर जोडाक्षरं, रफार एकदा डोळ्यांखालून घाला.

तिसरं, यंत्राकडून भाषांतर करून घेतलेले इंग्रजी लेख. ते कुणाही मराठी माणसाला दोन ओळींत ओळखू येतात.

प्रायव्हसी पॉलिसीचं पान आवर्जून करा. जाहिराती दाखवताना कुकीज (वाचकाच्या ब्राउझरमध्ये साठवल्या जाणाऱ्या छोट्या नोंदी) वापरल्या जातात, हे वाचकाला कळवण्याची जबाबदारी ॲडसेन्सच्या नियमांनुसार साइटमालकाची आहे. मेनूमध्ये आठ विभाग आणि त्यातले पाच रिकामे, असं असेल तर रिकामे काढून टाका. नामंजुरी आली की त्याच संध्याकाळी पुन्हा बटण दाबू नका. काहीच बदललं नसेल तर उत्तरही बदलत नाही.

नाव: फॉर्म उघडण्याआधी जुळवा

खातं उघडताना पैसे घेणाऱ्याचं नाव, पत्ता, देश आणि खात्याचा प्रकार विचारतात. लोक हा भाग झरझर भरतात आणि नंतरचे बहुतेक हाल इथूनच सुरू होतात.

प्रकारात ‘व्यक्ती’ आणि ‘व्यवसाय’ असे दोन पर्याय असतात. ब्लॉगमधून पैसे मिळवायचे म्हणजे व्यवसायच, असं समजून कित्येक जण दुसरा पर्याय निवडतात आणि नावाच्या जागी ब्लॉगचं नाव टाकतात. त्या नावाचं बँक खातं नसतं, नोंदणीही नसते. हा प्रकार मागाहून बदलता येत नाही. खातं बंद करून नवं उघडावं लागतं. देशही तसाच. एकट्याने ब्लॉग चालवत असाल तर ‘व्यक्ती’ निवडा.

नाव बँक खात्यावर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने. आपल्याकडे मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि ज्ञानेश्वर, ज्ञानदेव अशी नावं इंग्रजीत प्रत्येक कार्यालय आपापल्या मर्जीने लिहितं. लग्न झालेल्या बायकांची तर फारच ओढाताण होते. पाककृतींचा उत्तम ब्लॉग चालवणाऱ्या एका ताईंचं पॅन माहेरच्या नावाने होतं, बँक खातं सासरच्या नावाने आणि ॲडसेन्सवर लिहिलं होतं सगळे ज्या नावाने ओळखतात ते तिसरंच. ओळखपत्राची तपासणी नापास झाली तेव्हा त्यांना वाटलं, आपली साइटच बाद झाली. साइटला काहीच झालं नव्हतं.

तुमचं असं असेल तर आधी पॅन किंवा बँक, एक काहीतरी दुरुस्त करून घ्या. पॅनवर नाव बदलायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद चालते. यात काही आठवडे जातात, जाऊ द्या. ब्लॉगवर लेख लिहीत राहा आणि अर्ज नंतर करा.

एका नावाने एकच ॲडसेन्स खातं ठेवता येतं. पूर्वी कधी हौसेने उघडून विसरलेलं खातं असेल तर नवा अर्ज ‘डुप्लिकेट’ म्हणून परत येतो. जुने ईमेल धुंडाळा आणि ते खातं बंद करा, नाहीतर तेच वापरा.

पिनचं पत्र

जमा रक्कम १० डॉलर झाली की पत्ता तपासण्यासाठी गुगल साध्या टपालाने एक पिन पाठवतं. ते स्पीड पोस्ट नसतं, रजिस्टर नसतं, त्यामुळे ट्रॅकिंगही नसतं. साधारण साडेचार इंच बाय सहा इंचांचा पांढरा कागद असतो आणि आत सहा अंक. घरच्यांना आधी सांगून ठेवा, कारण हा कागद दिसायला एखाद्या जाहिरातीच्या पत्रकासारखा असतो आणि रद्दीत सहज जातो.

यायला दोन ते चार आठवडे लागतात. आता मुदतीकडे नीट लक्ष द्या. पहिला पिन तयार झाल्या दिवसापासून चार महिन्यांत तो टाकावा लागतो, नाहीतर जाहिराती थांबतात. पत्र आलं नाही तर नवा पिन मागवता येतो, एकूण तीन वेळा. पुष्कळ जण समजतात की नवा पिन मागवला की चार महिने पुन्हा सुरू होतात. तसं होत नाही. मुदत पहिल्या पिनपासूनच मोजतात. तिन्ही वेळा पत्र आलं नाही तर सरकारी ओळखपत्र अपलोड करून पत्ता सिद्ध करण्याचा मार्ग खुला होतो. तो चार महिने उलटायच्या आत वापरा.

आणखी एक. आपला टपालाचा पिनकोड सहा अंकी आणि हा पिनही सहा अंकी. घाईत लोक त्या चौकटीत गावाचाच पिनकोड टाकतात, ‘चुकीचा’ आलं की तोच पुन्हा टाकतात. तीन चुकांनंतर जाहिराती बंद होतात. पत्र हातात आल्याशिवाय त्या चौकटीला हात लावू नका.

पत्ता लिहिताना पोस्टमनचा विचार करा. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड आणि जमलं तर वाडी किंवा जवळची खूण. ‘मारुती मंदिराजवळ’ लिहिलेलं चालतं. शहरात भाड्याने राहत असाल आणि खोली बदलायची शक्यता असेल तर गावाकडचा पक्का पत्ता बरा. गावच्या पोस्टात जाऊन ‘माझ्या नावाने असं एक पत्र येणार आहे’ एवढं सांगून आलेल्यांना पत्र हमखास मिळालेलं मी पाहिलं आहे.

काही जणांकडे पिनच्या आधी ओळखपत्रही मागतात. कोणती ओळखपत्रं चालतात त्याची यादी स्क्रीनवर दिसते, त्यातलंच द्या. मूळ कागदाचा रंगीत फोटो, चारही कोपरे दिसतील असा. झेरॉक्सचा फोटो परत येतो.

बँक: पतसंस्थेचं खातं इथे चालत नाही

भारतात ॲडसेन्सचे पैसे वायर ट्रान्सफरने, म्हणजे परदेशातून थेट बँकेत येतात. त्यासाठी बँकेचा स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारांत बँक ओळखण्याचा कोड, लागतो. पतसंस्थांकडे तो नसतो, लहान नागरी सहकारी बँकांकडेही सहसा नसतो. तुमचं एकुलतं एक खातं तिथे असेल तर मोठ्या बँकेत दुसरं उघडा.

मोठ्या बँकेतही प्रत्येक शाखेला स्वतःचा कोड नसतो. तालुक्याच्या शाखेत विचारलं तर काउंटरवरून ‘आमच्याकडे असलं काही नाही’ असं उत्तर मिळतं, किंवा देशातल्या व्यवहारांचा आयएफएससी कोडच लिहून देतात. ऐकून परत फिरू नका. त्याच बँकेच्या परकीय चलन पाहणाऱ्या मुख्य शाखेचा कोड विचारून घ्या. दोन्हींतला फरक ओळखणं सोपं आहे: आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो आणि त्यात पाचव्या जागी शून्य असतं. स्विफ्ट आठ किंवा अकरा अक्षरांचा असतो आणि त्यात पाचवं-सहावं अक्षर ‘आय’ आणि ‘एन’.

पैसे आल्यावर बँक कधीकधी फोन करून ते कशाचे आहेत विचारते आणि पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणारा कोड, मागते. जाहिरात सेवेसाठी रिझर्व्ह बँकेच्या यादीत पी१००७ हा कोड आहे. ही चौकशी नेहमीची आहे, घाबरायचं कारण नाही. फक्त ओटीपी कुणालाही सांगू नका. बँक पर्पज कोड विचारते, ओटीपी विचारत नाही.

सिंगापूरचा फॉर्म

भारतातल्या ब्लॉगरला पैसे सिंगापूरच्या गुगल एशिया पॅसिफिककडून येतात. त्यामुळे खात्यात सिंगापूरच्या कराची माहिती विचारतात, आणि इथे निम्मे लोक फॉर्म सोडून उठतात. सिंगापूरमध्ये तुमचं कार्यालय आहे का? नाही. तिथल्या जीएसटीत नोंदणी आहे का? नाही. आपला भारताचा जीएसटी क्रमांक तिथे टाकू नका. मग करसवलतीसाठी रहिवासाचं प्रमाणपत्र मागतात, जे जवळजवळ कुणाकडेच नसतं. ते आयकर खात्याकडून मिळतं, पण इथे देणं ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून फॉर्म अर्धवट ठेवू नका. अमेरिकेच्या कराचा फॉर्म मागितला तर व्यक्तीसाठी डब्ल्यू-८बेन निवडा आणि करदाता क्रमांकाच्या जागी पॅन द्या.

पैसे कधी येतात

किमान १०० डॉलर जमावे लागतात, आणि ते महिना संपण्याआधी. ३१ मेपर्यंत शंभर झाले तर जूनच्या २१ ते २६ तारखेदरम्यान पैसे निघतात. शंभरावा डॉलर २ जूनला पडला तर जुलैच्या त्याच तारखांना. बँकेचे तपशील, पिन, कराची माहिती यातलं काही बाकी असेल तर ते त्या महिन्याच्या २० तारखेच्या आत पूर्ण करा, नाहीतर रक्कम पुढच्या महिन्यावर जाते. ती बुडत नाही. अंदाजे कमाईतून काही रक्कम वजाही होते, कारण अवैध क्लिक, म्हणजे खऱ्या वाचकाने आवड म्हणून न केलेले क्लिक, महिनाअखेरीला काढून टाकतात.

त्या क्लिकबद्दल कळकळीने सांगतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘माझ्या ब्लॉगवर जा आणि जाहिरातीवर क्लिक करा’ असं लिहू नका. बहिणीने, मित्राने प्रेमापोटी केलेले क्लिकही पकडले जातात आणि खातं बंद होतं. अपील करता येतं, पण खातं परत मिळालेले थोडेच. शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये गुगलने जाहीर केलं आणि पुढे अमलात आणलं की प्रकाशकांना पैसे क्लिकऐवजी जाहिरात किती वेळा दिसली त्यावर मिळतील. ज्या क्लिकसाठी खातं पणाला लावायचं, त्याचा हिशेबच आता तसा राहिलेला नाही.

‘तयार मंजूर खातं विकत देतो’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. ॲडसेन्स खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, म्हणजे पिन त्याच्या पत्त्यावर जाणार आणि पैसे त्याच्या नावाने निघणार.

पहिली रक्कम जमा झाली की बँकेकडून परदेशी रकमेची पावती मागून घ्या आणि फाइलला लावा. ही कमाई पगारात धरली जात नाही, व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवावी लागते. त्यामुळे नोकरी करत असलात तरी त्या वर्षी आयकर विवरणपत्राचा आयटीआर-१ हा फॉर्म चालणार नाही, आयटीआर-३ किंवा आयटीआर-४ भरावा लागेल. जुलै उजाडायची वाट न पाहता मार्चमध्येच सीएला हे सांगून ठेवा.