‘नापासांचं कॉलेज’ नव्हे

अमेरिकेत मुलगा कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, गेला की इकडचे नातेवाईक हळूच विचारतात, “चांगल्या ठिकाणी नंबर नाही लागला का?” युनिव्हर्सिटीने नाकारलेल्यांची सोय, हा समज जुना आहे आणि चुकीचाही. निदान कॅलिफोर्नियापुरता तरी.

तिथे 1907 च्या कायद्याने हायस्कुलांना कॉलेजची पहिली दोन वर्षं शिकवायची मुभा मिळाली; कम्युनिटी कॉलेजांचं मूळ हेच. फ्रेस्नो शहराने 1910 मध्ये सुरुवात केली. कारण साधं होतं: बर्कली, स्टॅनफर्ड दूर आणि तिथे राहण्याचा खर्च मोठा. 1960 च्या ‘मास्टर प्लॅन’ने, म्हणजे राज्याच्या उच्च शिक्षणाच्या आराखड्याने, वाटणी पक्की केली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी, स्टेट कॉलेजांसाठी वरचे एक तृतीयांश आणि कम्युनिटी कॉलेजचं दार शिकू शकेल अशा सगळ्यांना उघडं. म्हणजे प्रवेशाची गाळणीच नाही. मग ‘गाळ’ कुठून येणार?

इथे दोन वर्षं करून थेट बर्कलीच्या तिसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि पदवीवर नाव बर्कलीचंच. नर्सिंग, वेल्डिंग शिकणारे त्याच आवारात भेटतात. आज अशी 116 कॉलेजं आहेत.

‘सगळं फुकट’ हेही अर्धसत्य. 1984 पासून फी आहे, गरजूंना माफ होते.