चुंबकीय वादळात मोबाईल जळत नाही

"सौर वादळ येतंय, रात्री मोबाईल बंद करून लांब ठेवा" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. सूर्याकडून आलेला विद्युतप्रवाह थेट जमिनीवर उतरतो आणि उपकरणं जाळतो, अशी त्यामागची समजूत. ती चुकीची आहे.

सौर वादळ पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळतं, त्यालाच चुंबकीय वादळ म्हणतात. त्याचा मोठा प्रवाह अवकाशातच, पृथ्वीभोवती वाहतो. विषुववृत्ताच्या वर साधारण 10 ते 60 हजार किलोमीटर उंचीवर धन आयन (धन विद्युतभार असलेले कण) पश्चिमेकडे सरकतात, इलेक्ट्रॉन पूर्वेकडे. दोन्ही मिळून पश्चिमेकडे वाहणारं, लाखो अँपिअरचं वलय बनतं. त्याच्यामुळे विषुववृत्ताजवळ जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र घटतं. तीव्र वादळातही एक-दोन टक्केच. होकायंत्र जेमतेम हलेल.

मग 13 मार्च 1989 च्या चुंबकीय वादळात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये साठ लाख लोकांची वीज नऊ तास का गेली? तिथे कारण वेगळं प्रवाहमंडळ होतं. ध्रुवप्रकाशाच्या (ध्रुवांकडच्या भागात रात्री आकाशात दिसणाऱ्या रंगीत उजेडाच्या) पट्ट्यात सुमारे 100 किलोमीटर उंचीवरचे प्रवाह झपाट्याने बदलतात आणि जमिनीत व्होल्टेज निर्माण करतात, किलोमीटरमागे काही व्होल्ट. क्वेबेकखालचा कठीण खडक वीज नीट वाहू देत नाही, त्यामुळे प्रवाहाने शेकडो किलोमीटर लांब तारांचा रस्ता धरला. ट्रान्सफॉर्मर गडबडले, संरक्षक यंत्रणांनी उपकरणं बंद केली आणि वीजजाळं दीड मिनिटात कोसळलं.

हाच हिशोब वीतभर फोनला लावा: एक मिलिव्होल्टही भरत नाही. खरी काळजी उपग्रह, जीपीएस आणि लांब वीजवाहिन्यांची आहे, आणि ती उपग्रह आणि ग्रिड (वीजजाळं) चालवणाऱ्यांनी आधीपासून घ्यायला हवी.