गोठवण्याआधी चार मिनिटं

पावसाळ्यात फुटाळा तलावाच्या काठावर निखाऱ्यांवर भाजला जाणारा भुट्टा नागपूरकरांच्या ओळखीचा आहे. परसबागेत किंवा गच्चीवरच्या वाफ्यात लावलेल्या गोड मक्याचं, म्हणजे स्वीट कॉर्नचं, गणित मात्र वेगळं असतं. कणसाचा एकेक केस एकेका दाण्यापर्यंत जातो. त्या प्रत्येक केसावर परागकण पडला तरच कणीस भरतं, आणि हे काम वारा करतो. म्हणून मका एका लांब ओळीत न लावता चौकोनी वाफ्यात, एकाच दिवशी लावावा. तसा लावला की कणसंही एकदमच तयार होतात. जूनअखेरचा मका सप्टेंबरात आठ-दहा दिवसांत सगळा काढायला येतो. घरातली चार माणसं खाऊन खाऊन किती खाणार?

उरलेला मका गोठवावा हे उत्तर बरोबरच आहे. पण कणीस तोडताच दाण्यात काय सुरू होतं, हे आधी समजून घ्यायला हवं.

पानांत तयार झालेली साखर दाण्यात येते आणि साध्या मक्यात तिचा झपाट्याने स्टार्च होतो. गोड मक्यात जनुकातल्या एका बदलामुळे हे काम अडखळतं. जुन्या वाणांत स्टार्च नीट रचणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, निकामी असतं. त्यामुळे थोडी साखर मागे राहते आणि दाण्याला दुधाळ, सायीसारखा पोत येतो. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जॉन लॉफनन यांनी दुसऱ्या एका बदलाकडे लक्ष वेधलं. त्यात स्टार्च बनवण्याची सुरुवातीचीच पायरी अडते, दाणा सुकल्यावर सुरकुततो, पण ताजा असताना फार गोड लागतो. आजचे सुपरस्वीट वाण मुख्यतः याच बदलावर उभे आहेत.

जुन्या प्रकारच्या वाणांत तोडल्यानंतरही साखरेचा स्टार्च होत राहतो. तीस अंशांच्या उष्णतेत एका दिवसात साखर साठ टक्क्यांच्या आसपास घटू शकते. शून्य अंशाला हीच घट सहा टक्क्यांच्या आसपास राहते. आपल्याकडे सप्टेंबरातल्या दुपारी पारा तिशीच्या पुढेच असतो. त्यामुळे कणसं सकाळच्या गारव्यात तोडावीत आणि त्याच दिवशी हातावेगळी करावीत. केस तपकिरी होऊन वाळलेत आणि नखाने दाणा फोडल्यावर दुधासारखा रस येतोय, हीच योग्य वेळ.

आता खरा मुद्दा. बरेच जण कच्चे दाणे पिशवीत भरून थेट फ्रीजरमध्ये टाकतात. काही आठवड्यांनी त्यांना वाळल्या गवतासारखा वास येऊ लागतो. दोष फ्रीजरचा नाही. थंडीने विकरं मरत नाहीत, नुसती मंदावतात. गोठलेल्या दाण्यातही थोडं पाणी न गोठता उरतं आणि तेवढ्यात त्यांचं काम चालू राहतं. मक्यात लिपॉक्सिजनेज नावाचं विकर असतं. ते दाण्यातल्या मेदाचं ऑक्सिडीकरण करतं आणि त्यातूनच हा वास तयार होतो. त्याला थांबवते ती उष्णता. म्हणून आधी उकळतं पाणी, मग बर्फ.

अर्धा किलो मक्याला चार लिटर पाणी घ्या. पाणी कमी असेल तर कणसं टाकताच उकळी बसते आणि परत यायला वेळ लागतो. उकळी परत आली की तिथून मोजायला सुरुवात करा. दाणे काढून ठेवायचे असतील तर अख्खी कणसं चार मिनिटं उकळावीत. कणसासकट ठेवायचं असेल तर जाडीप्रमाणे सात ते अकरा मिनिटं लागतात, कारण उष्णता बुरकुंडाच्या, म्हणजे दाणे ज्यावर बसतात त्या दांड्याच्या, गाभ्यापर्यंत पोचावी लागते. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास आहे. इथे पाणी जवळपास ९९ अंशांवर उकळतं, त्यामुळे वेळ वाढवायची गरज नाही. अर्धवट उकळणं हा सगळ्यात वाईट प्रकार, त्याने विकरं मरण्याऐवजी अधिक चपळ होतात. जास्त उकळलं तर साखर आणि क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं.

लगेच कणसं बर्फाच्या पाण्यात बुडवा आणि जितका वेळ उकळली तितकाच वेळ ठेवा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी यासाठी पुरेसं गार नसतं. मग दाणे तीन-चतुर्थांश खोलीवर सुरीने कापा. अजून खाली गेलात तर बुरकुंडाचा चोथा आणि त्याची चव सोबत येते. दाणे पुसून ताटात एका थरात पसरून गोठवा. पातळ थर लवकर गोठतो. लवकर गोठलं की बर्फाचे स्फटिक बारीक राहतात, पेशी कमी फाटतात आणि शिजवल्यावर दाणा लिबलिबीत होत नाही. शिवाय दाणे सुटे राहतात, मूठभर हवे तर मूठभर निघतात. पिशवीतली हवा दाबून काढा. हवा राहिली तर दाण्यातला बर्फ थेट वाफ होऊन उडतो आणि दाणे पांढरट, कोरडे पडतात.

फ्रीजर उणे अठरा अंशांवर असेल तर मका आठ ते बारा महिने चांगला राहतो. एका दाराच्या फ्रिजमधला वरचा बर्फाचा कप्पा सहसा इतका थंड नसतो. तिथला मका लवकर संपवा. उन्हाळ्यात वीज गेली तर फ्रीजरचं दार उघडू नका. गच्च भरलेला डीप फ्रीजर साधारण ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास तग धरतो. उघडल्यावर दाण्यांवर बर्फाचे कण दिसत असतील तर ते परत गोठवता येतात, फक्त पोत थोडा उतरतो. वापरताना मात्र दाणे वितळू न देता तसेच उकळत्या उसळीत किंवा सूपमध्ये टाकावेत.